बिनविरोध

कादवेच्या अलीकडे एकशे बारा मतं,
सगळी वाळुंजांच्या बांधावरची.
मी सोसायटीचा सचिव. दर पाच वर्षांनी
लिहितो : बिनविरोध.
अक्षर सुबक आहे, थोरले म्हणतात,
आणि एक्स्पोर्टला नापास झालेल्या मण्यांचा
एक क्रेट घरी धाडतात.

मतदारयादी त्यांच्या कपाटात,
फवारणीच्या वहीखाली.
मेलेलेही तिच्यात सभासद,
वार्षिक सभेला अंगठ्यासकट हजर.

यंदा द्रुपदा गांगुर्डे आली,
नवऱ्याच्या शेअरची पावती पिशवीत घेऊन.
"अर्ज द्या."
"संपले."
"छापून येईस्तोवर बसते."
बसली, उंबऱ्यातच,
मांडवामागे ऊन उतरलं तरी.

शाईचा पॅड सुकत चालला होता.
मी खण ओढला.
अर्जांचा गठ्ठा होता तिथेच,
माझ्या वडलांच्या वेळचा,
सुतळी न सोडलेला.