डाव्या काठाचा दात

डोमाजीने जंगलातून कोसे आणले, तेव्हाच म्हणाला,
"यातले अकरा फुटके आहेत. पाखरू निघून गेलं.
पैशात धरू नका."
मी ते वेगळ्या टोपलीत ठेवले.
एकाला ऐनाचं पान अजून चिकटून होतं.

बाकीचे राखेच्या पाण्यात उकळले.
त्या वासाने पाहुणे नाक धरतात,
आम्हाला भूक लागते.
सूत मांडीवर वळलं. उजव्या मांडीवर
एक गुळगुळीत पट्टा आहे माझ्या, तिथे लव उगवत नाही.
दवाखान्यातल्या बाईंनी विचारलं, हे कशानं?
म्हटलं, साड्यांनी.

पळसाची फुलं माळ्यावर वाळत होतीच.
तुरटी टाकली. पहिल्या बुडीला हळद,
तिसऱ्या बुडीला पिकलं टेंभर.
काठाचा काळा हिरड्याचा,
आणि मडक्यात गंजवलेल्या बैलाच्या नालांचा.

करवतीचा काठ एकटीला विणता येत नाही.
तीन धोटे लागतात, आणि डावीकडे दुसरं माणूस.
माझ्या डावीकडे सव्वीस वर्षं कौतिका बसते.
माझा धोटा जातो, तिचा येतो,
दोन रंगांची सुतं एकमेकींत अडकतात
आणि एक दात उभा राहतो. मग पुढचा.
आम्ही बोलत नाही. फणी बोलते.

चवथ्या दिवशी, पदराच्या अलीकडे,
डाव्या काठावर एक दात उगवलाच नाही.
मी पाहिलं.
ती विणत होती, तोंड खिडकीकडे,
जिथे तिला आता नुसता उजेड दिसतो.
उसवायचं तर चार बोटं मागे जावं लागलं असतं.
"काहून थांबली वो?"
"धागा तुटला."
धागा तुटला नव्हता.

साडी मागावरून उतरली, त्या रात्री
मी फुटक्या कोशांची टोपली काढली.
कात्रीने पाकळ्या कापल्या.
त्यांना मुडपावं लागत नाही,
आत राहून गेलेल्याचा वाक त्यांच्यात असतोच.
पाच पाकळ्या, मधोमध लाखेच्या लाल दोऱ्याची गाठ,
बरोबर त्या जागेवर.

सकाळी कौतिका आली. साडी मांडीवर घेतली
आणि नखाने काठ मोजत निघाली,
जशी दरवेळी मोजते.
फुलापाशी बोट थांबलं.
"हे काय शिवलं?"
"फूल."
"हं."
बोट फुलाखाली गेलं, चाचपलं, बाहेर आलं.
चुलीवरचा चहा उतू गेला, कोणी उठलं नाही.

मग म्हणाली, "उजव्या काठालाही लाव एक.
एकटं फूल दिसलं का लोक विचारतात."

पाकळ्या अजून उरल्या होत्या.
मी उजवीकडे तेवढ्याच अंतरावर जागा धरली
आणि सुई घातली,
माझ्या हातच्या एका धडधाकट दातावर.