साठ की बहात्तर

कायतानने तीन चाकं गॅरेजच्या भिंतीला टेकवली
आणि म्हणाला, बाय, आता तूच सांग.
अठ्ठेचाळीस तारांचं, कंपनीतून आलं होतं तसं.
साठ तारांचं, रुपेरी रंग मारलेलं.
बहात्तर तारांचं, क्रोमचं,
ज्यात माझा चष्मा, कायतानचं बनियन
आणि कुंपणाजवळचा माडसुद्धा दिसत होता, वाकडा.

गाडी एमजीए, अठ्ठावन्नची.
हळदोण्याच्या एका डॉक्टरच्या वारसांनी विकली,
कारण वारस पाच आणि सीट दोन.
मी घेतली, फंडाच्या पैशातून.
म्हापशाच्या बाजारात अजून विचारतात,
कोणाची गो ही?
माझी.
तसं नव्हे, कोणाची?

हबचे दाते झिजलेत.
रिव्हर्स टाकला की मागून टक् होतं,
हलत्या दाढेला जीभ लागावी तसं.
म्हणजे चाकं बदलायचीच होती. प्रश्न एवढाच, कुठली.

एकतीस वर्षं बँकेत मी नोटा मोजल्या,
ओल्या स्पंजवर बोट टेकवत.
म्हणून आधी तारा मोजल्या.
कायतान हसला. मोजतेस काय, पावती आहे ना.
पावती आहे म्हणूनच मोजते.

मस्कतहून धाकट्या भावाचा फोन:
अलॉय टाक ताई, पाइपने पाणी मारलं की झालं.
कायतानचं मन क्रोमवर.
चर्चसमोर उभी केली तर लग्नातला फोटोग्राफर
नवरीला सोडून इकडे येईल, म्हणाला.
पण आमच्याकडे वाऱ्यालाही मीठ लागतं.
शेजारच्या गेटची चकचकीत मूठ
दोन वर्षांत कोकमासारखी झाली.
बहात्तर तारा, प्रत्येकीला दोन टोकं,
आणि टोकाटोकाशी मिठाला बसायला मांडलेला पाट.

अठ्ठेचाळीसचं सुंदर होतं.
मधून पलीकडचं सगळं दिसायचं.
वळणावर ढिलं पडतं म्हणतात, आणि ते म्हणणाऱ्यांत
मला विकू पाहणारा कायतानही होता,
म्हणून विश्वास ठेवावा की नाही ते चार रात्री ठरेना.

शेवटी साठचं चाक रिक्षात घालून
खोर्लीला झिलूकडे नेलं, सायकलवाल्या.
एका डोळ्यात मोतीबिंदू, पण त्याला डोळा लागतोच कुठे.
फणस पाहावा तशी त्याने एकेका तारेला टिचकी मारली.
एकोणिसाव्या तारेशी थांबला.
मला तर सगळ्या सारख्याच ऐकू आल्या.
मग चाक फिरवलं, कडेला खडू धरला,
आणि जिथे चाक बाहेर येत होतं तिथेच
नखाएवढी पांढरी रेघ उमटली.
पाव फेरा पिळला. पुन्हा खडू. काही नाही.
चाळीस रुपये, म्हणाला. आणि हे घे. दुसरं आणू नको.

का, ते विचारलं नाही.
बँकेतही खरी नोट का खरी ते मला कधी सांगता आलं नव्हतं.

चाकं बसवली तेव्हा
तांब्याचा हातोडा कायतानने माझ्या हातात दिला.
उजव्या बाजूचे आटे उलटे असतात, बाय,
सवयीने मारशील तर सुटेल.
दोनदा सुटलंच. तिसऱ्यांदा बसलं.

पोंबुर्प्याच्या फेरीवर
माशांची टोपली घेतलेला एक माणूस चाकाशी उकिडवा बसला.
दोन तारांमधून बोट घातलं, आत कुठवर जातं ते बघितलं,
बाहेर काढून काळं झालेलं बोट मला दाखवलं.
पुसतं कोण हे?
दर रविवारी, म्हटलं. साठ गुणिले चार.
चोडण येईपर्यंत तो मनातल्या मनात हिशेब करत असावा,
कारण उतरताना वळून म्हणाला, दोनशे चाळीस!
बरोबर, म्हटलं.

स्टेपनी धरली नाही त्यात.
पाचव्या चाकाला पैसे पुरले नाहीत.
डिकीत अजून जुनंच आहे, अठ्ठेचाळीसचं,
दोन तारा तुटलेलं.
ते मी मोजत नाही.