दोन काड्या

शाळेत रेंज नाही.
म्हणून शुक्रवारी पाचवीचा वर्ग भरतो
बोडीच्या पाळीवर, तिसऱ्या मोहाखाली,
तिथे दोन काड्या मिळतात,
वारा पडलेला असला की कधी तीन.
फोन माझा. त्याला टेकू डिलेश्वरीच्या पाण्याच्या बाटलीचा,
आणि वर खिलेंद्रची उघडी छत्री,
मागच्या वेळी उन्हानं फोन तापून बंद पडला होता.

पलीकडे मंगोलिया.
नकाशावर बोट ठेवून दाखवला होता मी,
हिमालयाच्या पाठीमागे, चीनच्या डोक्यावर.
"म्हंजे देवरीच्या पुढं?" यशोदीपनं विचारलं.
हो, म्हटलं. देवरीच्या बरंच पुढे.

तिथला तेमुलेन एकदा खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणाला, मोर.
बर्फात मोर?
सगळे फोनवर तुटून पडले.
खुंटाला बांधलेला होता घोडा.
त्यांच्यात घोड्याला मोर म्हणतात.
तेव्हापासून पलीकडच्या रानात मोर ओरडला
की कुणीतरी हमखास खिंकाळून उत्तर देतं.

आज छत्रीवर टप वाजलं.
परत टप.
तो दचकला. काय आहे ते?
मोहफूल हातात धरून मी म्हणाले, फ्लॉवर.
डिलेश्वरी माझ्याकडे बघत राहिली,
जणू तिच्या आईची ओळख करून देताना
मी नुसतं 'एक बाई' म्हटलं होतं.
खाता का? हो.
पिता का?
वर्ग फुटला हसून. त्याचं भाषांतर मी केलं नाही.

मग चित्र अडकलं.
तेमुलेन तोंड उघडं ठेवून थांबला,
डोळे अर्धे मिटलेले, आवाज गेलेला.
एक काडी. शून्य. एक.
मुलांना काय, आयताच सापडला तो.
"खालचा दात पडला याचा."
"बोटाले पट्टी हाय, पाहा."
"स्वेटर कोपराले फाटलं. याची माय बोलत असन."
नीट बघायची सोय एरवी कुठे असते,
माणूस हलतो, आपण लाजतो.

रमशीला कुंभरे जूनपासून वर्गात बोललेली नाही.
हजेरीला हात वर करते, तेवढंच.
ती सरकत सरकत पुढे आली,
त्या थांबलेल्या तोंडासमोर बसली
आणि बोलायला लागली.
गोंडीत.
हळू नाही. घरी बोलतात तसं, हातवारे करून,
पदरात काही वेचल्यासारखं,
मग वर बघून, मग हसून.
मला एक अक्षर कळलं नाही.
सहा वर्षं आहे मी या गावात.
मंगोल भाषेत नमस्कार कसा करायचा
ते मी रात्री जागून पाठ केलं होतं.

फोन खरखरला. तेमुलेन हलला.
त्यांच्याकडे म्हणे काहीच अडकलं नव्हतं,
सगळं दिसत होतं, सगळं ऐकू येत होतं,
आमची डोकी, दाताची चौकशी, सगळं.
त्यानं स्वेटरचं कोपर मागे लपवलं.
मग रमशीलाकडे बघून, जपून,
गरम घास तोंडात फिरवावा तसं म्हणाला:
"इरुक."
ती एवढी हसली की बाटली पडली,
फोन पालथा, आकाश,
संपर्क तुटला.

"काय म्हणाला गं तो?"
तिनं पायाजवळचं फूल उचलून माझ्या हातावर ठेवलं.
"हे, मॅडम."

वरून आलेल्या तक्त्यात एक रकाना आहे,
आंतरराष्ट्रीय आदानप्रदानातून काय शिकलात,
पन्नास शब्दांत.
चिखल नसलेली जागा बघून बसले,
लिहिलं: इरूक.
खांद्यावरून कुणीतरी वाकलं. तेलाचा वास, मोहाचा वास.
"पहिला उकार, मॅडम," रमशीला म्हणाली.
"तुम्ही दुसरा देला."