डावीकडे पाणी

सुभेदार कोनापुरे फोटो घेऊन आले तेव्हा
कन्ना चौकात मी दुकानाचं शटर अर्धं ओढून बसलो होतो.
फ्लेक्स आल्यापासून अर्धंच ओढतो.
पूर्ण उघडलं तर लोक विचारतात, बंद कधी केलं?

फोटो सन त्रेचाळीसचा. माळावर तंबू,
एक खांब, खांबाला पाट्या,
प्रत्येकीचं तोंड निराळ्या दिशेला,
भांडलेल्या जावांसारखं.
"होम मैदानावर छावणी उभारतोय," म्हणाले,
"लढाईच्या काळातली, जशीच्या तशी.
पाट्या तुम्ही करा, गुंडेटी.
किलोमीटर नको. मैल."

मैल मी कधी रंगवला नव्हता.
वडिलांनी रंगवलेत. त्यांचा शेवटचा मैल
होटगी रस्त्याला दगडावर आहे,
म्हणजे होता,
चौपदरी गेला त्याच्यावरून.

होटगी ९. अक्कलकोट २४.
सोलापूरला इंग्रजीत एक एच जास्ती,
तेव्हा गावाच्या छातीत जास्त हवा होती की काय.
आणि मराठीत पाकळीचा ल.
मशीन काढतं तो दुसराच कुणीतरी.
हा मनगटातून येतो, सहा नंबरच्या ब्रशनं,
श्वास धरून, एका ओढीत.

साहेब बघत राहिले. मग म्हणाले,
"फार नवं दिसतंय हो."

आता काय सांगू.
चाळीस वर्षं मी याच्या उलट केलं.
रंग उडू नये म्हणून वार्निश,
तरी दुसऱ्या उन्हाळ्यात लालचा गुलाबी होतो
आणि दुकानदार आई-बापावर येतात.
तोच मी पॉलिशपेपर घेऊन
माझ्याच अक्षरांवर बसलो.
चहाचं पाणी लावलं. खिळ्यांना मीठ-लिंबू.
सायकलच्या चेननं पाट्यांना बडवलं,
बायकोनं तेलुगूत विचारलं, कुणाचा राग हा?
शेवटी गच्चीवर टाकल्या, एप्रिलभर.
पारापण त्रेचाळीस, सालाला जुळून.
मजुरी न मागणारा गावातला एकच कारागीर.

एक पाटी फोटोत वाचता येत नव्हती.
"कुणाच्या गावाचं नाव असेल,
पोरं लिहायची. टाका काहीतरी."
मी लिहिलं एक नाव,
मग घासून घालवलं.
कोणतं, ते विचारू नका.

सगळ्यात छोटी पाटी: पिण्याचे पाणी.
खाली बाण, डावीकडे.

उद्घाटन झालं. कॉलेजची पोरं खाकीत,
मिश्या चिकटवलेल्या, घामानं सुटलेल्या.
दुसऱ्या दिवशी, तिकीटखिडकी उघडायच्या आधी,
ढिली पाटी ठोकायला गेलो
तर मैदान झाडणारी शांतव्वा
कळशी घेऊन बाणाच्या मागं निघालेली.
डावीकडे तंबू. तंबूत कॅनव्हासची टाकी.
टाकीत थर्माकोल.

नळ आमच्याकडे पाचव्या दिवशी येतो.
तो चौथा होता.

परत आली. माझ्याकडे बघितलं नाही,
पाटीकडे बघितलं.
"अक्षर चांगलं हाय की," म्हणाली,
आणि झाडू उचलला.

माझे बाण दवाखान्याकडे गेलेत, मुतारीकडे गेलेत,
बंद पडलेल्या गिरणीच्या गेटकडेसुद्धा गेलेत.
पण तिथं गेट होतं.

बाण खरवडला. नवा काढला, उजवीकडे,
वॉचमनच्या खोलीमागं टँकरवाल्यानं भरलेलं पिंप आहे, तिकडे.
कोनापुरे धावत आले, फोटो हातात,
"अहो, डावीकडे आहे! डावीकडे!"
"फोटोतलं पाणी आटलं, साहेब."

बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग स्वतः जाऊन
पिंपावर झाकण आहे का बघून आले.
येताना खांबाला टेकले, थकून, विसरून.
बाहीला काळा लागला, ताजा.

निघायचा नाही तो, मी सांगितलं.
त्यात वार्निश आहे.