दोन पुरुष बर्फ

हिसानोबाई आल्या त्या संध्याकाळी
निफाडात पारा सहावर आला होता,
स्टँडवरचा चहावाला ग्लास देण्याआधी
स्वतःच्या गालाला लावून बघत होता.

मी दुभाषी. नाशिकरोडची.
माझी जपानी वर्गात शिकलेली, इस्त्रीची घडी न मोडलेली.
कंपनीच्या कागदावर होतं : द्राक्षबाग पाहणी, दोन तास.
बाईंना मात्र आधी गाव बघायचं होतं.
हिवाळ्यात गाव काही लपवत नाही, असं काहीसं त्या म्हणाल्या.
मी सांगितलं, "त्यांना थंडी आवडते."
"मग बरोबर जागी आल्यात," कचेश्वरआण्णा म्हणाले.
डोक्याला कानटोपी, तिच्यावरून उपरणं,
खांद्यावर लेकीचा शाळेतला स्वेटर.

कादवेकडून वारं येत होतं.
सुलाबाईंनी तव्यावरची बाजरीची भाकरी थेट हातात दिली.
हिसानोबाईंनी ती दोन्ही तळव्यांत धरली
आणि बराच वेळ खाल्लीच नाही.

"तुमच्याकडं पण असाच गारठा का?"
बर्फ, त्या म्हणाल्या. हात डोक्यापर्यंत नेला,
मग तेवढाच आणखी वर, चवड्यांवर उभं राहून.
मी म्हटलं, "दोन पुरुष बर्फ."
विहिरीचं माप. दुसरं सुचलं नाही.
"दोन पुरुष! अबब.
अन् गावात पुरुष किती?"
गंमतच होती ती, तरी मी विचारलं.
त्यांनी बोटं मिटत मोजलं, एकेक घर आठवत,
एक बोट मिटलं आणि पुन्हा उघडलं.
"बायामाणसं धरून अकरा.
मागच्या हिवाळ्यात बारा."

घर कसं असतं ते दाखवायला
त्यांनी तळहात समोर आणून बोटांची टोकं जुळवली :
असं उभं छप्पर, गवताचं, बर्फ घसरून जावा म्हणून.
चुलीपाशी सुलाबाईंनी पिठाचे हात जोडले.
"नमस्कार, नमस्कार. टेका ना भिंतीला."
मी समजवायला तोंड उघडलं
आणि राहू दिलं.

त्या छपराचं गवत बदलायचं तर
अख्खं गाव वर चढतं. पैसे कुणी देत नाही, घेत नाही.
आज तुझं छप्पर, पुढं कधीतरी माझं.
त्याला त्यांच्यात एक शब्द आहे, एवढासा.
माझ्या कोशात त्याच्यापुढे लिहिलंय 'सहकार्य'.
"म्हणजे सोसायटी?" आण्णा म्हणाले.
नाही. पुन्हा सांगितलं, लांबण लावून, हातवारे करून.
"अगं मग इर्जिक म्हण की!"
हा शब्द मी ऐकलाच नव्हता.
टोकियोच्या बोलीतले सतरा नमस्कार मला येतात.

पहाटे तीनला आण्णांचा मोबाईल कोकलला.
पारा तीन. घड तडकतील.
ओळींच्या मधे मधे पाचटाचे, ओल्या काटक्यांचे ढीग,
ते पेटले, पेटले म्हणजे धुमसले,
आणि धूर मांडवाखाली पसरून बसला, हलेना.
ठिबक सोडलं. पाण्याची वाफ पायाशी.
पलीकडच्या मळ्यातला मोतीराम बॅटरी घेऊन आला,
कुणी बोलावलं नव्हतं,
आण्णांनी मान वर करून पाहिलंही नाही,
फक्त काडेपेटी त्याच्याकडे फेकली.

हिसानोबाईंनी माझ्या हातातली काठी घेतली.
निखारे आत ढकलले, ओलं वर रचलं,
जाळ दाबून धूर कसा काढायचा ते मला दाखवावं लागलं नसतंच त्यांना.
मला दाखवलं त्यांनी.
डोळे गळत होते, तिघांचेही, धुरानं.

मग त्या आण्णांकडे वळून काहीतरी बोलल्या,
माझ्या वर्गातलं नव्हे, त्यांच्या गावचं,
अर्धे शब्द गिळलेलं, शेवटी हेल काढलेलं.
मला एक अक्षर लागलं नाही.
आण्णा जाळाकडे बघत होते.
"हा ना," ते म्हणाले. "तेच की."
आणि सरकून त्यांना जागा दिली.

मी कागदावर वेळ लिहिली, चार पंचवीस.
'पाहणी'पुढची चौकट तशीच ठेवली.
माझ्या कोटाला अजून त्या बागेचा वास येतो.