करपलेली मूठ

ओआहाकाच्या डोंगरामागे अजून तांबडं फुटलेलं नाही.
ओब्दुलिया बादली घेऊन गिरणीच्या रांगेत उभी.
बादलीत भाजून सोललेले कोकोचे दाणे,
वर कागदात दालचिनी, बोटांत चुरते ती, पातळ सालीची,
बदाम, आणि साखर वेगळ्या पिशवीत.
पुढच्या बाईच्या बादलीत सुकी मिरचीसुद्धा आहे.
ज्याच्या घरचं त्याला ठाऊक.

सासू मार्चमध्ये गेली.
माप न सांगता गेली.
बावीस वर्षं नुसतं पाणी आण, जाळ कमी कर,
दारात कुत्रं आलंय बघ,
आणि ओब्दुलिया कुत्रं बघून येईपर्यंत
इकडे मुठी पडून गेलेल्या.
एउफ्रोसिनाचा हात म्हणजे कुलूप.

तेव्हापासून सासरे, निकानोर,
रोज पेला हुंगतात आणि टेबलावर परत ठेवतात.
रागानं नाही.
चुकून आपल्याकडे आलेलं दुसऱ्याचं पत्र
पोस्टमनला परत द्यावं, तसं.
तिनं साखर घटवली. बदाम वाढवले.
लवंग घातली, एकदा मिरी.
शेजारची होविता म्हणाली, व्हॅनिला घाल. घातली.
पेला परत.

गिरणीवाला क्रेसेन्सिओ, सत्तरीच्या पुढचा,
भुवयांवर तपकिरी धुरळा,
बादलीत हात घालतो, एक दाणा दाताखाली धरतो.
"निकानोरच्या घरचं ना?"
हो.
"मग करपलेली मूठ कुठाय?"

कसली मूठ?

"आणायची ती. रुमालात वेगळी बांधून.
पार कोळसा झालेले दाणे.
मी म्हणायचो, बाई, फेकून दे, सगळं कडू होईल.
म्हणायची, तू दळ."

कधीपासून, ते तो बोटांवर मोजत नाही.
मानेनंच भिंत दाखवतो.
नवा दगड बसवला तेव्हाचं साल
ओल्या सिमेंटमध्ये खिळ्यानं कोरलेलं.
ओब्दुलियाच्या लग्नाचं साल.

नवी नवरी मातीच्या तव्यापाशी बसली होती,
बाहेर बँड आला म्हणून तिनं मान वळवली.
एवढंच.
मग धूर, आणि हातातून हिसकावलेला कुंचा,
आणि सासूचं काहीच न बोलणं,
जे बोलण्यापेक्षा जास्त लागतं.
पाहुण्यांपुढे तेच ठेवावं लागलं होतं.
कुणीतरी दुसरा पेला मागितला होता.
कोण, ते तिनं मान वर करून पाहिलं नव्हतं.

ती रांग सोडून घरी येते.
तवा तापवते, मूठभर दाणे टाकते.
मुद्दाम करपवायला धीर लागतो:
हात सारखा हलवायला जातो,
बावीस वर्षांची सवय मनगटात बसलेली.
ती हात मांडीखाली दाबून धरते.
साल तडकते, धूर डोळ्यांत जातो.
बरंच झालं, डोळ्यांना कारण मिळालं.

गिरणीतून लगदा गरम येतो, ओला, चकाकणारा.
वड्या थापून वाळेपर्यंत थांबायचं कुणी?
ती एक गोळा उकळत्या पाण्यात सोडते,
सैल कड्यांची लाकडी रवी दोन तळव्यांत घेते
आणि घुसळते,
कड्या खुळखुळतात, आधी काळं पाणी,
मग तांबूस, मग कडेनं बुडबुडे,
मग खांदे भरून आल्यावर कधीतरी फेस.

निकानोर हुंगतात.
पेला खाली जात नाही.
पाव मोडतात, बुडवतात,
बुडवलेला तुकडा तोंडापर्यंत नेताना टेबलावर तीन थेंब.
पुसत नाहीत.
बराच वेळ अंगणातल्या डाळिंबाकडे बघत बसतात,
ज्याला या दिवसांत बघण्यासारखं काही नसतं.

"फेस कमी आहे," म्हणतात,
आणि रिकामा पेला पुढे करतात.