तीन नंबर

राकसकोपच्या चढाला पहिल्यांदा ऐकलं.
मागे रताळ्याची पंचवीस पोती,
गाडी दुसऱ्या गिअरला,
आणि बॉनेटखाली कुणीतरी
बोटाच्या पेराने दार वाजवतंय, तसं.
पाय काढला की लांब जायचं.
दाबला की पुन्हा दारात.

घरी आणून लावली. मी म्हटलं, टकटक.
कुंपणापलीकडून बसलिंगअण्णा म्हणाले,
"कटकट कटकट अन्नाकत्तैति, रेणुका."
आई परातीतून हात न काढता हसली,
"कटकटच की गा ती, अडीच लाखांची."
आवाज एकच.
कुठल्या ठोक्यापासून मोजायला लागायचं,
तेवढाच फरक.

बाबा मध्ये पडले नाहीत. त्यांना ऐकूच येत नाही.
उद्यमबागेत अठ्ठावीस वर्षं क्रँकशाफ्ट घासले.
ग्राइंडरने आधी बारीक आवाज नेले,
सायकलची घंटी, कुकरची शिट्टी,
मग आमचे.
आता आम्ही हातांनी बोलतो,
आणि मोठं काही असलं तर खडूने, गाडीच्या दारावर.
मी लिहिलं: इंजिन ठोकतंय.

त्यांनी लांबडा स्क्रूड्रायव्हर लुंगीला पुसला,
टोक ब्लॉकला टेकवलं,
लाकडी मूठ दातांत धरली
आणि डोळे मिटले.
मी एकेका नॉझलचा नट सैल करत गेले.
पहिला. कपाळावरची आठी तशीच.
दुसरा. तशीच.
तिसऱ्याला डिझेल फसफसलं, इंजिन लंगडलं,
आणि त्यांच्या जबड्यातून काहीतरी उतरून गेलं,
मला ते बाहेरून दिसलं.
तीन बोटं वर.

रविवारी फणसाखाली चेंबर उतरवला.
काळं ऑइल घमेल्यात, त्यावर
चमचमणारी भुकटी, हळदीकुंकवाच्या दुकानातल्यासारखी.
ती बघून आई काही बोलली नाही,
नुसता पदर सावरून आत गेली.
तीन नंबरची कॅप सोडवली.
बेरिंगचं वरचं पांढरं कातडं गेलेलं,
आतलं तांबं उघडं, नखाएवढ्या बेटांत.
मी क्रँककडे बघायला घाबरले.
घासायला द्यायचा तर अख्खं इंजिन उतरवायचं,
आणि रताळी थांबत नाहीत.

बाबा पाठीवर सरकत आत गेले.
अंगठ्याचं नख जर्नलवर आडवं फिरवलं,
एकदा, मग उलट बाजूने.
स्वतःचा आवाज कळत नाही त्यांना,
म्हणून सगळ्या गल्लीला कळलं:
"नख अडकत न्हाय! वाचलो!"
दोन घरं सोडून कुणीतरी खिडकी उघडली.

किल्ल्याजवळच्या दुकानातून नवे शेल आणले, स्टँडर्ड.
टॉर्कचा पाना बसलिंगअण्णांचा,
जुन्या धोतरात गुंडाळलेला,
देताना म्हणाले, "आडकायचं न्हाई ह्याला, सांभाळून."
मी पाना ओढत होते आणि बाबांनी
माझं मनगट धरलं होतं.
क्लिक झाला. मी ऐकला.
त्यांनी सोडलं त्याच क्षणी.

संध्याकाळी चावी फिरवली.
ऑइलचा दिवा विझेपर्यंत कुणी श्वास घेतला नाही.
मग नुसतं इंजिन. बाकी काही नाही.
बाबांनी मूठ पुन्हा दातांत धरली,
काम संपलं होतं तरी,
आणि बराच वेळ सोडली नाही.
कुणी हाकही मारली नाही.
घरातलं दुसरं काही त्यांना
इतकं जवळून ऐकू येत नाही.

सोमवारी मार्केटला माल टाकून आले,
तर चुलीवर काहीच नाही.
आई म्हणाली, "आलीस कधी?
वळणावर ठोकायची गाडी, तवा मी आदण ठेवायची.
आता कसं कळायचं गा?"

तेव्हापासून वळणावर मी दोनदा हॉर्न वाजवते.
बसलिंगअण्णांचं कुत्रं त्याला अजून सरावलेलं नाही.